ट्रॅक्टरची ताकद गेली कुठे?

विल्मट क्रोझियर हा अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील पोल्क परगण्याचा शेतकरी. शेतीला आधार म्हणून त्याने काही काळ शाळेत मास्तरकीही केली होती. (शेती जगवण्यासाठी शिक्षकाची नोकरी, ही काही फक्त आपल्याकडची रीत नव्हे!) पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याने एक 'फोर्ड' ट्रॅक्टर विकत घेतला. मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डचा या ट्रॅक्टरशी काडीचाही संबंध नव्हता. मिनिआपोलिस येथील एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरला होता आणि त्याच्या नावावर ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली होती. पुढे खुद्द हेन्री फोर्डला आपल्या ट्रॅक्टरसाठी 'फोर्डसन' हे वेगळे नाव घ्यावे लागले, ते याचमुळे.

क्रोझियरचा ट्रॅक्टर शेतात काम देईना. त्याने तक्रार केली, कंपनीने ट्रॅक्टर बदलून दिला. दुसरा पहिल्याहून वाईट निघाला. मग त्याने 'बुल' कंपनीचा ट्रॅक्टर घेतला. तोही तसाच. अखेर १९१८ मध्ये त्याने 'रमली' ट्रॅक्टर आणला. हा तीन फाळांचा नांगर ओढतो असे सांगून विकला जात होता. प्रत्यक्षात तो पाच फाळांचा नांगर रोजच्या रोज ओढू लागला.

या शेवटच्या अनुभवाने क्रोझियर अधिक विचारात पडला असावा. एक ट्रॅक्टर सांगितल्यापेक्षा कमी काम करतो, दुसरा सांगितल्यापेक्षा जास्त. मग जाहिरातीतल्या आकड्याला अर्थ तो काय? आणि आपल्या ट्रॅक्टरमध्ये खोट आहे, की आपल्याला सांगितलेली ताकद त्यात मुळातच नव्हती, हे शेतकऱ्याने ओळखायचे कसे?

लवकरच क्रोझियर राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेला. चार्ल्स वॉर्नर या सिनेटरच्या साथीने त्याने १९१९ मध्ये एक कायदा करून घेतला. नेब्रास्कात ट्रॅक्टर विकायचा असेल तर त्या नमुन्याचा एक ट्रॅक्टर राज्याच्या विद्यापीठाकडे चाचणीसाठी द्यायचा. चाचणीचे आकडे कंपनीच्या दाव्यांशी ताडून पाहायचे आणि ते लोकांसाठी खुले ठेवायचे. शिवाय सुटे भाग आणि दुरुस्ती यांची सोय राज्यात हवी. लिंकन येथील विद्यापीठाच्या आवारात १९२० मध्ये 'वॉटर्लू बॉय' या ट्रॅक्टरची पहिली चाचणी पूर्ण झाली.

पंचवीस किलोंचे वजन

ताकद मोजायची कशी, हा प्रश्न तोपर्यंत शंभर वर्षे जुना झालेला होता. जेम्स वॉटने वाफेची इंजिने विकताना घोड्याशी तुलना केली आणि एका मिनिटात ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, असा हिशेब बसवला. आजच्या एककात ते सुमारे ७४६ वॅट होतात. पण फिरत्या आसाची शक्ती थेट मोजण्याची सोपी युक्ती काढली ती फ्रान्सच्या गास्पार द प्रोनी याने, १८२१ मध्ये.

प्रोनीने फिरत्या आसावर दोन लाकडी ठोकळे दोन्ही बाजूंनी आवळून बसवले. ठोकळ्यांना एक लांब दांडा जोडला. आस फिरू लागला की घर्षणामुळे तो ठोकळ्यांना आणि दांड्यालाही आपल्याबरोबर ओढू पाहतो. दांड्याच्या टोकाला वजन टांगून त्याला जागच्या जागी रोखून धरायचे. दांडा आडवा स्थिर राहिला की वजन, दांड्याची लांबी आणि आसाचे दर मिनिटाचे फेरे, एवढ्या तीन आकड्यांवरून शक्ती निघते. समजा, ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओचा आस मिनिटाला ५४० फेरे घेत आहे, दांडा एक मीटर लांब आहे आणि टोकाला २५ किलो वजन आहे. २५ किलोंचा भार म्हणजे सुमारे २४५ न्यूटन. सेकंदाला फेरे नऊ. २ × ३.१४ × १ × २४५ × ९ हा गुणाकार सुमारे १३,८५० वॅट येतो. म्हणजे साडेअठरा अश्वशक्ती. अकरावीचा विद्यार्थी हा हिशेब करू शकतो. सायकलचे मागचे चाक, त्यावरून घेतलेली दोरी आणि दोन ताणकाटे एवढ्या सामग्रीवर हाच प्रयोग शाळेतही होतो.

नेब्रास्काच्या चाचणीत खरी मेख होती ती पुढे. शक्ती दोन जागी मोजली गेली. एकदा इंजिनावरच्या पट्ट्याच्या चाकावर आणि एकदा मागे अवजार ओढण्याच्या दांड्यावर, म्हणजे ड्रॉबारवर. वॉटर्लू बॉयने पट्ट्यावर सुमारे २६ अश्वशक्ती दिली. ड्रॉबारवर मात्र १६. दहा अश्वशक्ती गिअर आणि लोखंडी चाके यांनी वाटेतच खाल्ली! तरीही तो ट्रॅक्टर चाचणीत उत्तीर्ण झाला, कारण कंपनीने त्याची जाहिरातच '१२–२५' अशी केली होती. ड्रॉबारवर बारा, पट्ट्यावर पंचवीस. दोन्ही दावे खरे ठरले.

आजही 'ट्रॅक्टर ओढत नाही' ही तक्रार ऐकली की पहिला प्रश्न हाच विचारावा: कुठे ओढत नाही? नांगराला, की पीटीओवर चालणाऱ्या अवजाराला? नाशिक भागात द्राक्षबागेच्या ओळींतून फिरणारे अठरा-वीस अश्वशक्तीचे छोटे डिझेल ट्रॅक्टर आपण पाहतो. फवारणीच्या ब्लोअरवर तो ठणठणीत चालत असेल आणि नांगराला मात्र मागची चाके जागेवर फिरत असतील, तर इंजिन खोलून बसण्यात काही अर्थ नाही. उलट ब्लोअर लावताच इंजिन दबत असेल, तर रोग इंजिनातच आहे.

अठरा अश्वशक्ती, तेव्हा आणि आता

क्रोझियरच्या काळातले बहुतेक ट्रॅक्टर रॉकेलवर किंवा पेट्रोलवर चालत. डिझेल इंजिन तेव्हा होते, पण ट्रॅक्टरवर बसण्याच्या आकाराचे नव्हते. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी जर्मनीत ऑग्सबुर्ग येथे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची चाचणी घेतली. मोजणी याच प्रकारची, ब्रेक लावून केलेली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के भागाचे काम झाले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा थक्क करणारा होता. शक्ती भरली १७.८ अश्वशक्ती, मिनिटाला १५४ फेऱ्यांवर.

म्हणजे पहिल्या डिझेल इंजिनाची शक्ती आजच्या छोट्या ट्रॅक्टरएवढीच! पण त्या इंजिनाची उंची सुमारे तीन मीटर होती आणि त्याच्या एकुलत्या एका सिलिंडरचे आकारमान साडेएकोणीस लिटरांहून अधिक. आजच्या छोट्या ट्रॅक्टरचे तिन्ही सिलिंडर मिळून लिटरभर भरतात. हा फरक आला कुठून?

प्रामुख्याने वेगातून. १५४ फेऱ्यांऐवजी इंजिन २,५०० फेरे घेऊ लागले, तर तेवढ्याच वेळात सोळापट अधिक वेळा हवा आत घेऊन इंधन जाळता येते. आपल्याकडे विहिरींवर वर्षानुवर्षे टकटक करणारी किर्लोस्करांची संथ इंजिने आणि ट्रॅक्टरचे चपळ इंजिन यांतला फरकही याच जातीचा. पण वेग वाढवायचा तर अडचण इंधन आत सोडण्याची होती. डिझेलच्या मूळ इंजिनात इंधन दाबाखालच्या हवेच्या झोताने आत फवारले जाई आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. तो ट्रॅक्टरवर कुठे ठेवणार? जर्मनीत १९२० च्या दशकाच्या आरंभी डिझेल ट्रॅक्टर निघाले खरे, पण श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून १९२७ मध्ये इंधनाचे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले, तेव्हा हे काम सुकर झाले. १९३२ मध्ये जपानचे यामाओका मागोकिची यांनी लाइपझिगच्या जत्रेत डिझेल इंजिन पाहिले आणि ते शेतकऱ्याला परवडेल इतके लहान करण्याचा ध्यास घेतला. पुढच्याच वर्षी त्यांच्या 'यानमार' कंपनीने पाच-सहा अश्वशक्तीचे छोटे डिझेल इंजिन तयार केले. आजच्या छोट्या जपानी धाटणीच्या ट्रॅक्टरांची वंशावळ तिथपर्यंत जाते.

बॉशच्या पंपाची कामगिरी किती नाजूक आहे ते एका हिशेबावरून कळेल. हा हिशेब फळ्यावर करून पाहावा; ताकद कमी का होते, याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

एक लिटरचे, तीन सिलिंडरचे, चार धावांचे इंजिन २,५०० फेऱ्यांवर चालते आहे. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एकदा हवा आत येते, म्हणून मिनिटाला १,२५० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाही. ८५ टक्के धरू. ही झाली सुमारे १,०६० लिटर, म्हणजे वजनाने साधारण १,२५० ग्रॅम हवा. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा ग्रॅम हवा लागते. पण इतक्या थोड्या वेळात इंधन सगळ्या हवेत नीट मिसळत नाही, म्हणून व्यवहारात वीस ग्रॅम धरावी. मग मिनिटाला डिझेल जाळता येईल ६२ ग्रॅम. एका ग्रॅममधून सुमारे ४२.५ किलोज्यूल उष्णता मिळते. सगळी मिळून ४४ किलोवॅट. तीस टक्के भागाचे काम झाले तर १३ किलोवॅट. म्हणजे पुन्हा तेच, पावणेअठरा अश्वशक्ती.

आता ते ६२ ग्रॅम मिनिटाला ३,७५० वेळा विभागून द्यायचे आहेत. एका वेळी वाट्याला येते अवघे वीस घन मिलिमीटर डिझेल, पाण्याच्या थेंबाच्या निम्म्याहूनही कमी. आणि तेही तिन्ही सिलिंडरांना सारखे, ठरलेल्या क्षणी, अतिशय बारीक फवाऱ्याच्या रूपात.

धूर काय सांगतो?

डिझेल इंजिनाचे एक वैशिष्ट्य शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. पेट्रोल इंजिनात आपण हवेची वाट कमी-जास्त उघडतो. डिझेल इंजिनात हवा नेहमी पूर्ण येते. कमी-जास्त होते ते फक्त इंधन. भार आला की फेरे कमी होऊ लागतात, ते गव्हर्नरला जाणवते आणि तो पंपाला जास्त इंधन सोडायला लावतो. इंधन वाढवण्याची एक शेवटची मर्यादा असते, तिथे एक स्क्रू असतो. त्या मर्यादेपलीकडे भार वाढवला की फेरे घटतच जातात. म्हणून ताकद कमी वाटली तर आधी दोन गोष्टी पाहायच्या. हातातला थ्रॉटल पूर्ण ओढल्यावर इंजिन बिनभाराचे ठरलेले फेरे तरी घेते का? कधीकधी दांडीचा सांधा झिजून किंवा तार ढिली पडून पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातच नाही, आणि बिचारे इंजिन विनाकारण बदनाम होते. दुसरे, भार टाकल्यावर धुराड्यातून काय बाहेर येते?

काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. इंधन पोचते आहे, पण हवा पुरत नाही, किंवा फवारा इतका जाड पडतो आहे की हवा त्याच्यापर्यंत जात नाही. एअर क्लीनर धुळीने बुजला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. मग नोझल तपासून घ्यावेत.

ताकद नाही आणि धूरही नाही, ही अवस्था बरोबर उलट. इथे हवा पुरेशी आहे, इंधनच कमी पडते आहे. डिझेल फिल्टर, नळी, नळीत शिरलेली हवा या वाटेने शोध घ्यावा. यातला एक प्रकार तर भौतिकीच्या तासाला सांगण्याजोगा आहे. ट्रॅक्टर अर्धा तास छान चालतो, मग दम सोडतो. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा छान. कारण टाकीच्या झाकणातले बारीक छिद्र बुजलेले असते! डिझेल खाली जाते, पण त्याच्या जागी हवा येऊ शकत नाही, टाकीत दाब घटतो आणि प्रवाह मंदावतो. झाकण सैल करून चालवून पाहिले की निदान पक्के.

थंड इंजिनातून सुरुवातीला पांढरा धूर निघाला तर त्यात विशेष काही नाही. तापल्यावरही तो निघत राहिला, तर इंधन न पेटताच बाहेर पडते आहे. म्हणजे ते चुकीच्या वेळी फवारले जाते, किंवा दट्ट्यांच्या कड्या आणि व्हॉल्व्ह झिजल्यामुळे हवा पुरेशी दाबली जात नाही आणि म्हणून पुरेशी तापत नाही. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याची खूण आहे. या दोन्ही तक्रारींचा खर्च मोठा असतो, म्हणून स्वस्त कारणे आधी निकालात काढावीत.

हे सगळे सोडून अनेक जण थेट पंपाच्या त्या शेवटच्या स्क्रूला हात घालतात. त्यावर कारखान्याचे सील असते, ते तोडून इंधन वाढवायचे. वरचा हिशेब ज्याने केला आहे, त्याला यातली चूक लगेच दिसेल. हवा १,२५० ग्रॅमच आहे. इंधन थोडे वाढवल्यास ताकद थोडी वाढते हे खरे, पण त्यापुढचे डिझेल काळा धूर होऊन आकाशात जाते आणि दट्ट्यांचे व सायलेन्सरचे तापमान वाढते. माझ्या मते हा 'उपाय' म्हणजे थकलेल्या बैलाला पराणी टोचण्याचा प्रकार आहे.

ताकद खरोखर वाढवायची तर जास्त हवा भरली पाहिजे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युशी याने १९०५ मध्येच त्याची वाट दाखवली होती. बाहेर जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच चक्राने आत येणारी हवा दाबून भरायची. हा टर्बोचार्जर. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो कारखान्यातूनच बसवलेले शेतीचे ट्रॅक्टर विक्रीला आले. पण त्या इंजिनांचे दट्ट्ये, बेअरिंग, रेडिएटर आणि क्लच वाढीव भार धरूनच बनवलेले असतात. जुन्या छोट्या ट्रॅक्टरवर बाहेरून टर्बो लावणे क्वचितच फायद्याचे ठरते.

चाकाखाली हरवलेली ताकद

इंजिन ठीक आहे आणि तरी नांगर ओढवत नाही, हा प्रकार छोट्या ट्रॅक्टरांत फार आढळतो. त्याचे साधे कारण म्हणजे वजन कमी. चाकाला जमीन किती धरते, ते चाकावरच्या भारावर अवलंबून असते. १९३२ मध्ये अमेरिकेच्या ॲलिस-चाल्मर्स कंपनीने लोखंडी चाकांऐवजी हवेचे रबरी टायर बसवून ट्रॅक्टर विकायला काढला. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना, तेव्हा कंपनीने मोटारींच्या शर्यती जिंकणारा बार्नी ओल्डफिल्ड याला ट्रॅक्टरवर बसवले. १९३३ मध्ये त्याने तो ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने पळवून दाखवला! नांगरटीशी त्याचा काही संबंध नव्हता, पण रबरी टायर मात्र रुजले.

त्याहून मोलाचे काम केले ते उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने. त्याने नांगर मागे साखळीने ओढण्याऐवजी तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि वरखाली करण्यासाठी हायड्रॉलिक्स वापरले. जमिनीत शिरलेला फाळ खाली ओढला जातो आणि मागेही खेचतो. फर्ग्युसनच्या जोडणीत हा सारा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर उतरतो, आणि वरचा दांडा पुढे रेटत असल्यामुळे ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जात नाही. फोर्डसन ट्रॅक्टर नांगर अडकला की मागे उलटत आणि त्यात माणसे दगावत; ती भीतीही बरीच कमी झाली. १९३९ मध्ये आलेला फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर जेमतेम टनभर वजनाचा आणि २५ हून कमी अश्वशक्तीचा होता, तरी दोन फाळांचा नांगर ओढत असे. इंजिनात एका अश्वशक्तीचीही भर न घालता केलेली ही सुधारणा आहे. आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे ते तीन दांडे दिसतात. ते नीट जुळवलेले नसले, टायरमधली हवा जास्त असली किंवा चाकांना वजने लावलेली नसली, तर इंजिनाची ताकद मातीत चर पाडण्यात संपते.

क्रोझियरच्या कायद्यासारखी सोय भारतातही झाली. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुधनी येथे १९५५ मध्ये केंद्र सरकारने ट्रॅक्टर प्रशिक्षणाचे केंद्र काढले आणि १९५९ पासून तिथे चाचण्याही होऊ लागल्या. ट्रॅक्टर घेताना त्या नमुन्याचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे जरूर मागावा. त्यात पीटीओवरची आणि ड्रॉबारवरची शक्ती वेगवेगळी दिलेली असते, आणि जाहिरातीतली अश्वशक्ती या दोन्हींहून मोठी असते, हे पाहून दचकू नये. ती इंजिनाची असते. चाचणीनंतर इंजिन खोलून सिलिंडर, कड्या, बेअरिंग यांची झीजही मोजलेली असते.

अहवालात आणखी एक रकाना आपल्या हवामानासाठी आहे. इंजिनाची चाचणी नेहमीच्या हवेत होते, तशीच सुमारे ४३ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेतही होते. हवा तापली की विरळ होते. २७ अंशांच्या मानाने ४३ अंशांना तिची घनता पाच टक्क्यांनी कमी भरते. केल्व्हिनमध्ये ३०० भागिले ३१६, एवढाच हिशेब. समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंचीवर ती सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. तेव्हा वैशाखातल्या भर दुपारी, सह्याद्रीच्या एखाद्या पठारावर ट्रॅक्टर दम खाऊ लागला, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी विद्यार्थ्यांना हे दोन आकडे देऊन विचारावे, की अठरा अश्वशक्तींपैकी तिथे किती उरल्या असतील?